सरकारी निविदा आणि कंपन्यांची कामं: छोट्या उद्योगाने तयारी कशी करायची

ई-निविदा सूचना निघाल्यापासून ती भरायची मुदत संपेपर्यंत कधी तीन आठवडे मिळतात, कधी जेमतेम आठ दिवस. त्या आठ दिवसांत सीएकडून उलाढालीचा दाखला आणायचा, डिजिटल सही काढायची, दोन वर्षांपूर्वीच्या कामाचा दाखला शोधायचा आणि बँकेतून बयाणा रकमेची सोय करायची. एवढं सगळं करणाऱ्याचा दर शेवटच्या रात्री अंदाजाने पडतो. मग काम मिळालं नाही तर वेळ जातो आणि मिळालं तर पैसे जातात. म्हणून या लेखात निविदा भरण्यापेक्षा आधीच्या सहा महिन्यांबद्दल आणि काम मिळाल्यानंतर पैसे हातात पडेपर्यंतच्या काळाबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरणासाठी एक कल्पित युनिट धरू. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं, दहा-बारा कामगारांचं, शाळेचे बाक आणि स्टीलची कपाटं बनवणारं.

कुठे विकायचं ते आधी ठरवा

'सरकारी काम' हे एक गिऱ्हाईक नाही. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम बहुतेक नेहमीच्या वस्तू जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस) या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घेतात. हे पोर्टल २०१६ मध्ये सुरू झालं. रेल्वेचं स्वतःचं आयआरईपीएस हे पोर्टल आहे. महाराष्ट्रातली राज्य शासनाची खाती, जिल्हा परिषदा आणि बहुतेक महानगरपालिका-नगरपालिका महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर निविदा काढतात. त्याखाली आणखी एक थर असतो: ठराविक रकमेच्या आतली खरेदी, जी कार्यालयं तीन दरपत्रकं मागवून करतात. या थराकडे लोक कमीपणाने बघतात. मला मात्र नव्या माणसासाठी हीच सगळ्यात चांगली सुरुवात वाटते. कारण मोठ्या निविदेला 'पूर्वीच्या कामाचा दाखला' लागतो आणि तो इथेच स्वस्तात मिळतो. एखाद्या आश्रमशाळेला चाळीस बाक दिले, वेळेवर दिले आणि मुख्याध्यापकांकडून शिक्क्यासह दाखला घेतला, तर पुढच्या वर्षीच्या फाइलीतलं पहिलं पान तयार झालं.

सुरुवातीला दोनच ठिकाणं निवडा. चार पोर्टलवर नोंदणी करून एकावरही नीट लक्ष न देणारे बरेच दिसतात.

फाइल: एकदा करायची, दर तिमाहीला तपासायची

पहिला कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग म्हणून केंद्राकडे केलेल्या नोंदणीचा. ती सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत होते. 'प्रोसेसिंग फी' मागणाऱ्या खासगी वेबसाइटपासून लांब राहा, त्यांची नावं सरकारी पोर्टलसारखीच दिसतात. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म उद्योग. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. त्यामुळे आपल्यातले बहुतेक सूक्ष्ममध्येच येतात.

उद्यममध्ये एक जागा नीट पाहायची असते, ती म्हणजे एनआयसी कोड, धंद्याचा प्रकार सांगणारा क्रमांक. अनेकांनी घाईत किंवा सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर 'व्यापार' निवडलेला असतो. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती मुख्यतः बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. खरेदी धोरणातल्या सवलती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहेत. आपलं कुपवाडचं युनिट बाक स्वतः बनवत असेल तर उत्पादनाचा कोड असलाच पाहिजे. नसेल तर आजच दुरुस्ती करा, निविदा भरताना नाही.

दुसरी गोष्ट नावाची. पॅन, जीएसटी, उद्यम, बँक खातं आणि डिजिटल सही या सगळ्यांवर नाव, पत्ता आणि घटना (प्रोप्रायटरी, भागीदारी, कंपनी) एकसारखी हवी. एका कागदावर 'एंटरप्रायझेस', दुसऱ्यावर 'एन्टरप्राईज', तिसऱ्यावर जुना भाड्याचा पत्ता, एवढ्यावरून तांत्रिक छाननीत शंका निघते. छाननी करणारा कारकून तुमच्या वतीने अर्थ लावत बसत नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षाही चुकीची, कारण पुढे लेखापरीक्षणात त्यालाच उत्तर द्यावं लागतं.

मग आर्थिक कागद: तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सीएचा उलाढालीचा दाखला. दाखल्यावर यूडीआयएन नंबर (सीएच्या प्रत्येक दाखल्याचा स्वतंत्र क्रमांक) हवाच, त्याशिवाय तो ग्राह्य धरत नाहीत. इथे एक कटू सत्य. वर्षानुवर्षं कर वाचवण्यासाठी उलाढाल कमी दाखवणाऱ्याला निविदेच्या पात्रतेत बसता येत नाही. सरकारी कामात उतरायचं असेल तर निदान दोन-तीन वर्षं आधीपासून खरी विक्री पुस्तकात आणावी लागते.

अनुभवाचा दाखला काम संपल्या दिवशी मागा. त्यात कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक, कामाचं स्वरूप, रक्कम, पूर्ण झाल्याची तारीख आणि 'समाधानकारक' हा शब्द असावा. मजकूर स्वतः टाइप करून नेला तर सही लवकर होते. सहा महिन्यांनी गेलात तर साहेबांची बदली झालेली असते. खासगी कंपनीचा दाखला असेल तर सोबत बिलं आणि टीडीएस दिसणारं २६एएस हे आयकराचं पत्रक जोडायला ठेवा, कारण नुसत्या लेटरहेडवर विश्वास ठेवत नाहीत.

डिजिटल सही क्लास ३ ची घ्यायची आणि त्यात सही व एन्क्रिप्शन अशी दोन्ही प्रमाणपत्रं हवीत. फक्त सहीचं घेतलं तर महाटेंडर्सवर अडकाल. ईपीएफ, ईएसआयसी, व्यवसाय कर, कारखाना किंवा दुकाने-आस्थापना नोंदणी हे सगळं आपापल्या कामगारसंख्येप्रमाणे. आयएसओ प्रमाणपत्रं मात्र 'असू द्यावं' म्हणून गोळा करू नका. ज्या गिऱ्हाइकाकडे जायचं आहे ते कोणतं मागतं ते पाहून मगच खर्च करा.

बँकेशी बोलणंही आधीच. अनामतीसाठी बँक हमी लागते आणि मर्यादा मंजूर नसेल तर बँक पूर्ण रकमेची मुदत ठेव मागते. तारण नसलेल्यांसाठी सीजीटीएमएसई ही कर्जाला हमी देणारी योजना आहे, तिची मर्यादा एप्रिल २०२५ पासून दहा कोटींवर नेली आहे. शाखाधिकाऱ्याला या योजनेचं नाव घेऊन विचारावं लागतं, तो आपणहून सुचवेल याची खात्री नसते.

सवलती कुठे लागतात आणि कुठे नाही

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार (पुढे २०१८ मध्ये सुधारलेल्या) केंद्रीय खाती व उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ३५८ वस्तू तर फक्त याच उद्योगांसाठी राखीव आहेत. निविदा फॉर्म मोफत, बयाणा रक्कम माफ. शिवाय तुमचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी त्या कमी दराला यायची तयारी दाखवून कामाचा काही हिस्सा मिळू शकतो.

पण धोरण केंद्राचं आहे. जिल्हा परिषदेच्या निविदेत ते आपोआप लागत नाही. 'उद्यम आहे म्हणून बयाणा भरला नाही' म्हणून पहिल्याच, म्हणजे तांत्रिक कागदांच्या लिफाफ्यात बाद होणारे दर महिन्याला सापडतील. त्या विशिष्ट निविदेत सूट लिहिली असेल तरच घ्या, नाहीतर पैसे भरा. दुसरं म्हणजे, बयाण्याची सूट मिळाली तरी काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत माफ होत नाही. केंद्राच्या वित्तीय नियमांत बयाणा अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के आणि सुरक्षा अनामत करार रकमेच्या ३ ते १० टक्के आहे. दुसरी रक्कम हिशोबात धरायला लोक विसरतात.

निविदा वाचायचा क्रम

दोनशे पानं पहिल्या पानापासून वाचू नका. आधी पात्रतेच्या अटी. बांधकामासारख्या कामांत केंद्रीय दक्षता आयोगाच्या जुन्या सूत्राची छाप अजून सगळीकडे दिसते: सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित किमतीच्या ३० टक्के आणि मागच्या सात वर्षांत त्याच प्रकारची तीन कामं प्रत्येकी ४० टक्क्यांची, किंवा दोन ५० टक्क्यांची, किंवा एक ८० टक्क्यांचं. इथे बसत नसाल तर पुढचं पान उलटू नका.

मग देयकाची अट, मग दंडाची, मग दोष दायित्वाचा काळ, म्हणजे दोष निघाल्यास फुकट दुरुस्त करून द्यायची मुदत. आणि शेवटी तांत्रिक तपशील, पण तो मात्र शब्द न् शब्द. बाकाच्या निविदेत पाइपची जाडी १.२ मिमी आहे की १.६, फळी प्लायवुडची की एमडीएफची, पावडर कोटिंग किती मायक्रॉनचं, तपासणी कारखान्यात की शाळेत, माल तालुक्याच्या गोदामात उतरवायचा की प्रत्येक शाळेत. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराने दर दीडशे रुपयांनी इकडचा तिकडे होतो. जत तालुक्यातल्या वस्तीशाळेवर आठ बाक पोचवायला टेम्पो अख्खाच लागतो.

निविदा कुणाला तरी समोर ठेवून लिहिली आहे का, हे दोन-तीन खुणांवरून कळतं: न लागणारं प्रमाणपत्र, एकाच बनावटीला जुळणारं विचित्र माप, आणि इतक्या मोठ्या कामाला इतकी छोटी मुदत. अशा वेळी निविदापूर्व बैठकीच्या आधी लेखी प्रश्न पाठवा: 'अमुक माप ±५ मिमी चालेल काय?' सौम्य भाषा, नियमाचा आधार, आणि पोच. कधी कधी शुद्धिपत्रक निघतं. नाही निघालं तर ती निविदा सोडून द्या. प्रत्येक निविदा लढवण्याइतका वेळ छोट्या माणसाकडे नसतो.

दर काढणं

हा भाग सावकाश वाचा. जिल्हा परिषदेला ४०० बाकांचा पुरवठा धरू. खालचे आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला.

एका बाकाला कच्चा माल ३,१०० रुपये, मजुरी आणि पावडर कोटिंग ६५०, वाहतूक २२०, हमाली व जोडणी ६०, तपासणी ४०. झाले ४,०७०. बरेच जण इथे थांबतात, त्यावर दहा टक्के चढवतात आणि भरतात. पण बिल निघायला चार महिने लागले तर त्या ४,०७० वर १२ टक्क्यांनी १६३ रुपये व्याज होतं. वॉरंटीतल्या दुरुस्तीला एक टक्का, म्हणजे ४१. गाळ्याचं भाडं, वीज, ऑफिस, तुमचा स्वतःचा पगार (हो, तोसुद्धा) २५०. खरी किंमत झाली ४,५२४. त्यावर ८ टक्के नफा धरला तर ४,८८६, जीएसटी वेगळा. म्हणजे ४,०७० वर दहा टक्के चढवून ४,४७७ भरणारा माणूस दर बाकामागे ४७ रुपये घालून काम करणार आहे आणि ते त्याला मार्चमध्ये कळणार आहे.

आता रोकड. ४०० बाकांचा थेट खर्च १६ लाख २८ हजार. कच्च्या मालावरचा १८ टक्के जीएसटी २ लाख २३ हजार, तो खरेदी करतानाच जातो. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात विक्रीवरचा जीएसटी भरायचा, सरकारने पैसे दिले असोत वा नसोत. कच्च्या मालाची वजावट घेऊनही सुमारे सव्वा लाख. सुरक्षा अनामत पाच टक्के धरली तर एक लाखाच्या आसपास अडकले. म्हणजे साडेएकोणीस लाखांच्या ऑर्डरसाठी वीस-एकवीस लाखांची सोय आधी लागते. स्टीलवाल्याने उधारी दिली तर थोडं कमी. शिवाय अडीच लाखांवरच्या करारांत सरकारी कार्यालय बिलातून २ टक्के जीएसटी कापून घेतं. ते तुमच्या खात्यात जमा दिसतात, पण हातात येत नाहीत.

हा तक्ता करून पाहिल्यावर 'बिलो', म्हणजे अंदाजित किमतीच्या खाली जायचा मोह आपोआप कमी होतो. बांधकामात तर दर अंदाजापेक्षा फार खाली गेला की जादा अनामत मागतात. समोरचा २२ टक्के बिलो गेला म्हणून आपणही जायचं, ही ईर्ष्या महाग पडते.

बाजारातला दर कळण्याचा फुकट मार्ग आहे. महाटेंडर्सवर उघडलेल्या निविदांचा निकाल आणि तुलनात्मक तक्ता कोणालाही पाहता येतो. आपल्या मालाच्या मागच्या वर्षीच्या निविदा शोधा, कोण किती दराने आला, कोण तांत्रिक छाननीत आणि कशामुळे बाद झाला ते वहीत उतरवा. संध्याकाळी तासभर असा महिनाभर घालवला तर जिल्ह्यातले चार स्पर्धक आणि त्यांची सवय कळते.

प्रत्यक्ष भरताना

तांत्रिक लिफाफ्यात कुठेही दर दिसता कामा नये. दरासाठी पोर्टलवरून उतरवलेली बीओक्यूची (वस्तू, नग आणि दराच्या तक्त्याची) एक्सेल फाइल असते. तिचं नाव बदलायचं नाही, ओळी वाढवायच्या नाहीत, मॅक्रो चालू ठेवून फक्त रंगीत चौकटीत भरायचं. फाइलीत फेरफार दिसला तर निविदा बाद होते. दर जीएसटीसह मागितलाय की वगळून, ते दोनदा वाचा. कागद काळ्या-पांढऱ्यात कमी रेझोल्यूशनवर स्कॅन करा, नाहीतर अपलोड लटकतं. वेळ सर्व्हरची धरतात, तुमच्या घड्याळाची नाही. आदल्या दिवशी भरून मोकळं व्हा आणि निविदा क्रमांक असलेली पोच जपून ठेवा. त्यानंतरही पोर्टल उघडत राहा, कारण शुद्धिपत्रक निघालं तर भरलेली निविदा पुन्हा सादर करावी लागू शकते. त्रुटीपूर्ततेला कधी कधी दोनच दिवस देतात.

जेमबद्दल थोडक्यात: तिथे मालाची नोंद ज्या वर्गात आणि ज्या मापांसह केली आहे, त्यावरच बोली दिसतात. फोटो आणि तपशील निष्काळजीपणे टाकले तर तुम्ही तिथे असूनही नसल्यासारखे. रिव्हर्स ऑक्शनला (दर खाली उतरवत जाणाऱ्या लिलावाला) बसण्याआधी तळाचा दर कागदावर लिहून समोर ठेवा आणि त्याखाली बोट जाऊ देऊ नका. 'मेक इन इंडिया' आदेशामुळे देशी वाटा ५० टक्के किंवा जास्त असलेल्यांना पहिल्या श्रेणीचा पुरवठादार मानतात. आपल्या बाकवाल्याला ते सहज जमतं, फक्त जाहीर करावं लागतं.

कंपनीच्या दारात

चाकण, भोसरी, वाळूज, अंबडच्या कंपन्यांकडे निविदेपेक्षा माणसं आणि ऑडिट चालतं. व्हेंडर नोंदणीचा फॉर्म भरून ठेवणं ही फक्त नावनोंदणी. खरेदी विभागाला तुमची गरज कधी वाटते? जुना व्हेंडर चुकतो तेव्हा. त्या दिवशी तुमचा नमुना, दर आणि कारखाना तयार असला तर संधी मिळते.

ऑडिटला येणारा माणूस पहिल्यांदा मशिन बघत नाही. तो नाकारलेला माल कुठे ठेवता ते बघतो. लाल पेटी आहे का, त्यावर कारणाची चिठ्ठी आहे का, व्हर्नियरला कॅलिब्रेशनचा स्टिकर आहे का आणि त्याची तारीख उलटली आहे का, कामगाराच्या समोर चालू आवृत्तीचं ड्रॉइंग लावलंय की तेलाने काळी पडलेली जुनी झेरॉक्स. याला फार पैसे लागत नाहीत, रोजची शिस्त लागते. वाहन उद्योगात पुढे आयएटीएफ (गुणवत्ता मानक) आणि पीपीएपी (सुटा भाग मंजूर करून घेण्याची पद्धत) यांची कागदपत्रं मागतील. छोट्या उद्योगांच्या गुणवत्तेसाठी केंद्र देत असलेल्या झेड प्रमाणपत्राचा ब्राँझ स्तर ही त्याआधीची बरी पायरी आहे, आणि त्याच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के अनुदान आहे.

करारात तीन गोष्टी लेखी घ्या: स्टीलचा भाव हलला तर दर कधी आणि कसा सुधारणार, नाकारलेल्या मालाची डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा करण्याची चिठ्ठी) किती दिवसांत काढणार, आणि पैसे किती दिवसांत. आपला अर्ध्याहून जास्त धंदा एकाच कंपनीवर अवलंबून राहू लागला, की सगळ्यात आधी दुसरं गिऱ्हाईक शोधायला निघा.

अडकलेले पैसे

एमएसएमईडी कायदा २००६ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत, आणि कसंही ठरलं असलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यामुळे पीओवर (खरेदी आदेशावर) ९० दिवस लिहिले तरी कायद्यापुढे ते टिकत नाहीत. २०२३ च्या अर्थ कायद्याने आयकरात ४३बी(एच) ही तरतूद आणली तेव्हापासून कंपन्यांचे लेखा विभाग स्वतःहून उद्यम प्रमाणपत्र मागू लागले, कारण मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. काही ठिकाणी उलट झालं: 'उद्यम रद्द करा, मग ऑर्डर देतो' असं सुचवलं गेलं. अशा गिऱ्हाइकाचा एकूण उधारीचा इतिहास बघून मगच ठरवा.

२५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स, म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर यावं लागतं. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट ही त्यांतली नावं. कंपनीने तिथे बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात येतात. जोखीम कंपनीच्या नावावर असल्याने व्याज तुमच्या कॅश क्रेडिटपेक्षा बरेचदा कमी बसतं. ऑर्डर घेतानाच विचारा: 'ट्रेड्सवर बिल टाकाल ना?'

सगळं थकलं तर राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुकरता परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, यात या कायद्याची खरी ताकद आहे. मात्र बांधकामासारख्या, माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटांना हा कायदा लागतो का, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, तिथे वकिलाला विचारून पुढे जा. अर्जाला पीओ, बिल, आणि माल स्वीकारल्याचा तारखेसह पुरावा लागतो. उद्यम नोंदणी ऑर्डरच्या आधीची असली की वादाचा एक मुद्दा कमी. म्हणून चलनावर नुसती सही घेऊ नका. नाव, हुद्दा, शिक्का आणि तारीख घ्या, आणि ट्रक गेटमधून बाहेर पडायच्या आत त्याचा फोटो ऑफिसच्या फोनवर यायला हवा, हे ड्रायव्हरला सांगून ठेवा.